कोपनहेगनची सही, श्रीरामपूरचं कॉलेज आणि मराठीचं व्याकरण

ज्यांना बसमध्ये हेडफोन नीट लागत नाहीत, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना सुटलेल्या एकदोन गोष्टी इथे जास्तीच्या टाकल्या आहेत.

एका प्रश्नानं सुरू करू. आधुनिक अर्थानं पदवी देण्याचा अधिकार भारतात सगळ्यात आधी कुठल्या संस्थेला मिळाला? स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे लगेच सांगतील: १८५७, मुंबई, कोलकाता आणि मद्रास. उत्तर चांगलं आहे, पण तीस वर्षं उशिराचं. हा अधिकार २३ फेब्रुवारी १८२७ रोजीच एका कॉलेजला मिळाला होता. तो ना ईस्ट इंडिया कंपनीनं दिला, ना इंग्लंडच्या राजानं. कागदावर सही होती डेन्मार्कच्या राजाची, सहाव्या फ्रेडरिकची. त्याची राजधानी कोपनहेगन, म्हणजे बाल्टिक समुद्राच्या तोंडावर वसलेलं शहर.

कॉलेज होतं बंगालमधल्या श्रीरामपूरचं. आपल्या नगर जिल्ह्यातलं साखर कारखान्यांचं श्रीरामपूर नाही हं. हे कोलकात्याच्या थोडं वर, हुगळी नदीच्या पश्चिम काठावरचं. इंग्रजीत त्याला सेरामपूर म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, डेन्मार्कचा राजा, बंगालमधलं कॉलेज, यात आपलं सोलापूर कुठे आलं? सांगतो. सोलापुरात एखाद्या चाळीत उभं राहिलात की एका दारातून मराठी, दुसऱ्यातून तेलुगू, तिसऱ्यातून कन्नड ऐकू येतं. या श्रीरामपूरच्या मंडळींमधला एक माणूस, विल्यम केरी. त्यानं १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, १८१४ मध्ये तेलुगूचं आणि १८१७ मध्ये कन्नडचं. आपल्या चाळीतल्या तीन दारांची तीन व्याकरणं, एकाच गावातून. म्हणून आज या गावाची, त्या बाल्टिक शहराची आणि त्या कागदाची गोष्ट.

बाल्टिकच्या तोंडावरचा टोलनाका

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. युरोपच्या उत्तरेला बाल्टिक समुद्र. जवळजवळ बंदिस्त, एखाद्या मोठ्या तलावासारखा. बाहेरच्या मोठ्या समुद्रात जायचं तर डेन्मार्क आणि स्वीडनच्या मधल्या अरुंद सामुद्रधुनींतून जावं लागतं. त्यातली मुख्य वाट म्हणजे ओरेसुंद. कोपनहेगन बसलंय बरोब्बर त्या वाटेवर.

जागा अशी असल्यावर कोणताही राजा काय करेल? टोलनाका बसवेल. डेन्मार्कच्या राजानं १४२९ पासून ओरेसुंदमधून जाणाऱ्या प्रत्येक जहाजाकडून जकात घ्यायला सुरुवात केली, आणि ती चालली थेट १८५७ पर्यंत. सव्वाचारशे वर्षांचा टोल! आपल्याकडे टोल कधी बंद होणार म्हणून ओरडणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

या शहरात १४७९ मध्ये विद्यापीठ सुरू झालं. तेव्हा डेन्मार्क कॅथलिक होतं, त्यामुळे विद्यापीठ काढायला रोमच्या पोपची परवानगी लागली. हा मुद्दा धरून ठेवा, कारण आजची सगळी गोष्ट याच्याभोवती फिरते: त्या काळच्या युरोपात शिकवायला परवानगी लागत नव्हती असं नाही, पण खरी किंमत होती ती पदवी देण्याच्या परवानगीला. कुणीतरी मोठ्या माणसानं, पोपनं किंवा राजानं, लिहून द्यावं लागायचं की यांनी दिलेला कागद खरा मानावा.

मग १५१७ मध्ये जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये मार्टिन ल्यूथरनं चर्चच्या कारभारावर जाहीर आक्षेप घेतले आणि युरोपचा ख्रिस्ती धर्म दुभंगला. ल्यूथरच्या बाजूचे आणि नंतर पोपपासून फुटलेले इतर पंथ म्हणजे प्रोटेस्टंट. त्यांचा एक आग्रह होता: धर्मग्रंथ लॅटिनमध्ये कुलूपबंद नको, माणसाला स्वतःच्या बोलीत वाचता आला पाहिजे. आता बोलीत वाचायचं तर काय काय लागेल? भाषांतर लागेल, छापखाना लागेल, शाळा लागेल. आणि भाषांतर करणाऱ्याला त्या भाषेचं व्याकरण लागेल. पुढे मराठीपर्यंत येणारी वाट इथून निघते.

डेन्मार्कमधल्या या गोंधळात कोपनहेगनचं विद्यापीठ बंद पडलं होतं. राजा तिसरा ख्रिश्चन ल्यूथरच्या बाजूचा. त्यानं १५३७ मध्ये ते पुन्हा उघडलं, या वेळी प्रोटेस्टंट विद्यापीठ म्हणून. घडी बसवायला विटेनबर्गहून ल्यूथरचा सहकारी योहानेस बुगेनहागेन याला बोलावलं. काही वर्षांतच, १५५० मध्ये, संपूर्ण बायबल डॅनिशमध्ये छापून तयार.

बाल्टिकच्या काठावरच दुसरं एक असंच विद्यापीठ आहे, कीलचं. होल्स्टाइनच्या ड्यूकनं, ख्रिश्चन आल्ब्रेख्तनं, १६६५ मध्ये ते काढलं आणि आजही विद्यापीठाला त्याचंच नाव आहे. कील आज जर्मनीत आहे, पण १७७३ पासून पुढची नव्वदएक वर्षं ते डॅनिश राजाच्या ताब्यात होतं. या दोन विद्यापीठांची नावं आपल्याला पुन्हा भेटणार आहेत.

डॅनिश झेंडा, मराठी राजे

डेन्मार्कसारख्या छोट्या देशाचं भारतात काय काम? तेच, जे सगळ्यांचं होतं: व्यापार. १६२० मध्ये डॅनिश लोकांनी तंजावरच्या नायक राजाशी करार करून तमिळ किनाऱ्यावरचं तरंगंबाडी मिळवलं. युरोपीय नाव ट्रांकेबार. पुढे १६७० च्या दशकात तंजावर व्यंकोजीराजांकडे, म्हणजे शिवाजी महाराजांच्या सावत्र भावाकडे आलं. म्हणजे डॅनिश व्यापाऱ्यांचा शेजारी आता एक मराठी दरबार होता.

१७०६ मध्ये डेन्मार्कच्या राजानं तरंगंबाडीला मिशनरी पाठवले. त्यातल्या त्सीगेनबाल्गनं तमिळ शिकून बायबलचा नवा करार तमिळमध्ये छापला. याच मिशनमधून नंतर आलेला श्वार्ट्झ तंजावरला राहिला आणि लहान सरफोजीराजांचा शिक्षक-पालक झाला. हे दुसरे सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आले. ग्रंथालय, वैद्यक, संगीत, सगळ्यात रस असलेला राजा. त्यांनी धर्म बदलला नाही, पण शिक्षकाला विसरलेही नाहीत. लंडनचा शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून श्वार्ट्झचं संगमरवरी स्मारक करून घेऊन त्यांनी तंजावरच्या चर्चमध्ये बसवलं.

आणि १८०५ मध्ये सरफोजीराजांनी तंजावरला देवनागरी छापखाना सुरू केला. तिथून इसापनीतीचं मराठी भाषांतर निघालं, 'बालबोध मुक्तावली' नावाचं.

१८०५ हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी मिरजेला तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरून गीता छापली गेली. तो कारागीर नाना फडणविसांच्या काळात पुण्यात इंग्रज वकील मॅलेटच्या हाताखाली तयार झालेला. आणि त्याच वर्षी श्रीरामपूरला मराठीचं व्याकरण. एका सालात तीन ठिकाणी आपली लिपी छापखान्यात शिरली, आणि तिन्ही जागा एकमेकींपासून शेकडो कोस लांब.

(मराठी छापली जाण्याची सुरुवात त्याच्याही आधीची आहे. गोव्यात फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं, पण रोमन लिपीत. त्यावर एक वेगळा भाग करू.)

ज्याला पदवी मिळूच शकत नव्हती

आता विल्यम केरींकडे येऊ. जन्म १७६१, इंग्लंडमधल्या एका खेड्यात. धंदा चांभारकीचा. जोडे शिवता शिवता लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकले, तेही बरंचसं स्वतःच्या बळावर.

तुम्ही म्हणाल, एवढा हुशार माणूस ऑक्सफर्डला का नाही गेला? गरिबी हे एक कारण. पण पैसे असते तरी दार बंदच होतं. केरी बाप्टिस्ट पंथाचे. म्हणजे प्रोटेस्टंटच, पण सरकारी चर्च ऑफ इंग्लंडच्या बाहेरचे. अशांना इंग्लंडमध्ये 'डिसेंटर' म्हणत. ऑक्सफर्डला प्रवेश घेतानाच सरकारी चर्चची तत्त्वं मान्य असल्याची सही करावी लागे. केंब्रिजमध्ये बसायला मिळे, पण पदवी घेताना तीच अट. ही अट पहिल्या पदवीसाठी उठली ती ऑक्सफर्डमध्ये १८५४ ला आणि केंब्रिजमध्ये १८५६ ला. शिकण्यात कितीही पुढे असा, पंथ चुकीचा असेल तर कागद मिळणार नाही. जातीच्या दाखल्यावरून शाळेची पायरी ठरण्याचा अनुभव ज्या देशाला आहे, त्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

केरी १७९३ मध्ये बंगालला पोचले, आणि तेही एका डॅनिश जहाजातून. कारण ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. धर्मप्रचारानं लोक बिथरतील आणि धंदा बसेल, ही भीती. ही बंदी सैल झाली १८१३ मध्ये. १७९९ मध्ये केरींचे नवे सहकारी जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड आले, तेव्हा कंपनीच्या तावडीत सापडू नये म्हणून ते थेट श्रीरामपूरला उतरले. श्रीरामपूर १७५५ पासून डॅनिश. कागदोपत्री नाव फ्रेडरिक्सनगर. तिथले गव्हर्नर ओले बी यांनी या इंग्रजांना आसरा दिला. जानेवारी १८०० मध्ये केरीही तिथे आले. मार्शमन शाळामास्तर, वॉर्ड मुद्रक, केरी भाषावाले. टीम जमली.

एक पंडित, एक लोहार आणि शेकडो खिळे

१८०० मध्येच कोलकात्यात फोर्ट विल्यम कॉलेज निघालं. हेतू सरळ होता: विलायतेहून आलेल्या पोरसवदा कंपनी अधिकाऱ्यांना इथल्या भाषा शिकवायच्या. केरी तिथे बंगाली आणि संस्कृत शिकवू लागले, पुढे मराठीही. मराठीच का? साल बघा. १८०३ मध्ये असईची लढाई. इंग्रज-मराठे दुसरं युद्ध चालू आहे. मराठी मुलूख हातात येणार असं कंपनीला दिसतंय, तर तिथली भाषा येणारी माणसं हवीत. म्हणजे मराठीचं हे व्याकरण एका हातानं मिशनचं आणि दुसऱ्या हातानं साम्राज्याचं काम करत होतं. दोन्ही हेतू आपण उघड्या डोळ्यांनी बघितले पाहिजेत. भाषेच्या प्रेमापोटीच सगळं झालं असं म्हणणं भाबडेपणा ठरेल.

आता मुख्य अडचण. केरी राहतात बंगालमध्ये. महाराष्ट्र त्यांनी पाहिलेला नाही. मराठी मुलूख हजाराहून जास्त किलोमीटर लांब. मग मराठी आली कुठून? ती आली वैजनाथ पंडितांकडून. नागपूरकडचे हे गृहस्थ फोर्ट विल्यम कॉलेजात मराठीचे मुख्य पंडित होते. व्याकरणाच्या मुखपृष्ठावर नाव केरींचं. वैजनाथांचे आभार प्रस्तावनेत आहेत. सॉफ्टवेअरमधल्या लोकांना हे चित्र ओळखीचं वाटेल: कोड कुणाचा, आणि प्रेझेंटेशनच्या पहिल्या स्लाइडवर नाव कुणाचं! पण दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या पुस्तकात मराठी बोलत होती ती वैजनाथ पंडितांच्या तोंडून, हे विसरून चालणार नाही.

दुसरं नाव पंचानन कर्मकार. बंगालमधला लोहारकीच्या घराण्यातला कारागीर. छपाईचा खिळा म्हणजे काय, ते आजच्या भाषेत सांगतो. तुम्ही मोबाइलवर 'क' दाबता तेव्हा फॉन्टमधून एक आकृती उचलली जाते. तेव्हा ती आकृती पोलादाच्या तुकड्यावर उलटी कोरायची, तिचा ठसा तांब्यात उमटवायचा, आणि त्या साच्यात शिसं ओतून खिळे पाडायचे. इंग्रजीत थोडक्या अक्षरांवर भागतं. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, वर जोडाक्षरं. 'क्ष' वेगळा, 'त्र' वेगळा, 'द्ध' वेगळा. म्हणजे शेकडो आकृत्या, प्रत्येक हातानं कोरलेली. हे काम पंचानननं सुरू केलं आणि त्याचा जावई मनोहर यानं पुढे नेलं.

मराठीची आणखी एक भानगड. रोजचा व्यवहार, हिशोब, पत्रं, सगळं मोडी लिपीत. पण १८०५ मध्ये श्रीरामपूरला मोडीचे खिळेच नव्हते, म्हणून व्याकरण देवनागरीत छापलं गेलं. १८१० मध्ये मोडीचे खिळे तयार झाले आणि केरींचा मराठी-इंग्रजी कोश मोडी अक्षरांत आला. जाता जाता इंजिनियर म्हणून एक गोष्ट सांगतो. जगातल्या सगळ्या संगणकांनी मान्य केलेल्या युनिकोड यादीत मोडीला जागा मिळाली २०१४ मध्ये. शिशाचे खिळे १८१० ला, डिजिटल खिळे दोनशे चार वर्षांनी!

श्रीरामपूरहून मग मराठी नवा करार आला, सिंहासनबत्तिशी आली, हितोपदेश आला. भाषा कशी होती? खरं सांगायचं तर अवघडलेली. वाक्यं अनेकदा परकी वाटतात, शब्द पूर्वेकडच्या वळणाचे. पुण्या-मुंबईच्या मराठी माणसाला ते आपलं वाटलं नाही, आणि पुढे दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये मराठी माणसाच्या नजरेतून व्याकरण लिहिलं तेव्हा ती उणीव भरून निघाली. पण कच्चा का होईना, पहिला मसुदा आधी कुणीतरी ठेवावा लागतो.

या सगळ्यात ११ मार्च १८१२ ची रात्रही आहे. श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. कागद, खिळे, वर्षानुवर्षं लिहिलेली हस्तलिखितं जळाली. बॅकअप नावाची गोष्ट नव्हती. साचे बरेचसे वाचले, म्हणून खिळे पुन्हा पाडता आले. हस्तलिखितं केरींनी परत लिहायला घेतली.

१८१८: एक किल्ला पडला, एक कॉलेज उघडलं

मे १८१८. मनरोच्या फौजेनं आपल्या सोलापूरचा भुईकोट किल्ला घेतला. पेशवाई संपली. सिद्धेश्वर तळ्याकाठी आज आपण ज्या तटाशेजारून फिरायला जातो, त्याच तटावर.

दोनच महिन्यांनी, जुलै १८१८ मध्ये, तिकडे श्रीरामपूरला केरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी कॉलेजची योजना जाहीर केली. ख्रिस्ती आणि बाकीच्या मुलांनाही घ्यायचं, पौर्वात्य साहित्य शिकवायचं आणि युरोपातलं विज्ञानही. नदीकाठी मोठ्या खांबांची देखणी इमारत उभी राहिली. ती आजही आहे.

पण पदवी? ती कोण देणार? कंपनी सरकारकडे जाण्यात अर्थ नव्हता. इंग्लंडमध्ये तर हे लोक स्वतःच पदवीच्या बाहेरचे. लंडनमध्ये डिसेंटर आणि इतरांसाठी १८२६ मध्ये नवं कॉलेज निघालं, आजचं युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन. तिथल्या मुलांना पदवीची सोय व्हायला १८३६ उजाडावं लागलं.

म्हणून मार्शमन गेले कोपनहेगनला. शेवटी गाव डेन्मार्कचं, तर परवानगीही तिथूनच मागायची. हे कोपनहेगन तेव्हा जखमी शहर होतं. सप्टेंबर १८०७ मध्ये ब्रिटिश आरमारानं त्यावर तीन रात्री तोफगोळे डागले होते. मुख्य चर्चचा मनोरा कोसळला, विद्यापीठाच्या इमारती जळाल्या. त्याच युद्धात इंग्रजांनी श्रीरामपूरही काही वर्षं ताब्यात ठेवलं होतं. आणि आता एक इंग्रज माणूस त्याच राजाच्या दारात आला, इंग्लंड देत नाही ते तुम्ही द्या म्हणून.

राजानं दिलं. १८२७ च्या सनदेत लिहिलं की श्रीरामपूरच्या कॉलेजला कोपनहेगन आणि कील इथल्या विद्यापीठांसारखाच पदवी देण्याचा अधिकार राहील. बाल्टिकच्या काठावरची दोन जुनी प्रोटेस्टंट विद्यापीठं, आणि त्यांच्या ओळीत हुगळीकाठचं कॉलेज! पुढे १८३३ मध्ये कॉलेजनं नियम केले, त्यात जात, रंग किंवा देश यावरून कुणाला प्रवेश नाकारायचा नाही, असं स्पष्ट घातलं.

यातली गंमत बघा. स्वतः डेन्मार्कमध्ये बाप्टिस्टांना मोकळीक नव्हती. तिथे १८३९ मध्ये त्यांची पहिली मंडळी स्थापन झाली तेव्हा त्यांच्या पुढाऱ्यांना तुरुंगात टाकलं गेलं. धर्मस्वातंत्र्य आलं १८४९ च्या राज्यघटनेनं. म्हणजे जे घरच्या अंगणात चालत नव्हतं, ते सात समुद्रांपलीकडच्या वसाहतीत चालून गेलं. राजांची उदारता बऱ्याचदा अशी अंतर बघून वाढते.

कागद होता, पदवी नव्हती

आता या गोष्टीतलं सगळ्यात विचित्र वळण. सनद मिळाली १८२७ ला. पहिल्या पदव्या दिल्या कधी? १९१५ ला. अठ्ठ्याऐंशी वर्षांनी!

कारणं साधी आहेत. १८३० च्या सुमाराला कोलकात्यातल्या मोठमोठ्या व्यापारी पेढ्या बुडाल्या, त्यात कॉलेजचे पैसे गेले. केरी १८३४ मध्ये वारले, मार्शमन १८३७ मध्ये. १८४५ मध्ये डेन्मार्कनं भारतातली ठाणी, तरंगंबाडी आणि श्रीरामपूर, साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांना विकून टाकली. करारात एक कलम मात्र घालून घेतलं: कॉलेजचे सनदेतले हक्क तसेच राहतील. गाव विकलं, कागद नाही विकला.

पण मग १८५७ आलं. कोलकाता विद्यापीठ निघालं आणि श्रीरामपूर कॉलेजनं त्याच्याशी संलग्न होणं पसंत केलं. साहजिक आहे. नोकरी कुणाच्या पदवीवर मिळणार? सरकार ज्याला ओळखतं त्याच्या. बाल्टिकच्या राजाची सही कितीही जुनी असो, कोलकात्याच्या कचेरीत ती कोण विचारणार?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो जुना कागद पुन्हा बाहेर काढला गेला, धर्मशास्त्राच्या पदव्यांसाठी. १९१८ मध्ये बंगालच्या कायदेमंडळानं त्यासाठी कायदाही केला. आज देशभरातली धर्मशास्त्राची अनेक महाविद्यालयं जी पदवी देतात, ती श्रीरामपूरच्या सिनेटची असते. मूळ अधिकार तोच, १८२७ चा.

मग मोठं काय?

आपल्याकडे हा विषय शिळा नाही. सोलापूरच्या आपल्या आधीच्या पिढ्यांच्या पदवीवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं नाव आहे. मार्कशीटमध्ये काही चूक निघाली तर कोल्हापूरची गाडी पकडायची. २००४ मध्ये सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं, एका जिल्ह्यापुरतं, आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाचं. पदवीचा कागद आपल्या गावात छापला जाणं ही छोटी गोष्ट नाही. लांबच्या गावातल्या मुलीला घरून सोडतात की नाही, इथपर्यंत त्याचा हात पोचतो.

पण श्रीरामपूरचा हिशोब मांडला तर एक गोष्ट ठळक दिसते. ज्या काळात त्या गावाला कुणी पदवीचा अधिकार दिलेला नव्हता, त्याच काळात तिथून मराठीचं व्याकरण, मराठीचा कोश, तेलुगू आणि कन्नडची व्याकरणं बाहेर पडली. करणारे कोण? पदवीला अपात्र ठरवलेला एक चांभार, नागपूरकडचा एक पंडित, अक्षरं कोरणारा एक लोहार. आणि जेव्हा अधिकाराचा कागद हातात आला, तेव्हा तो वापरायला ना पैसा होता, ना माणसं उरली. तो कागद अठ्ठ्याऐंशी वर्षं पडून राहिला.

याचा अर्थ कागद फालतू असतो असा मुळीच नाही. तो फालतू असता तर इतक्या लोकांना त्यापासून इतकी वर्षं दूर ठेवलंच नसतं. केरींच्या पंथाला ऑक्सफर्डनं दूर ठेवलं, आपल्याकडे अर्ध्याहून जास्त समाजाला शाळेच्याच दारातून परत पाठवलं. कागद ज्याच्या हातात, तो ठरवतो आत कोण आणि बाहेर कोण. म्हणूनच श्रीरामपूरच्या नियमांतलं जात, रंग आणि देश न बघण्याचं ते कलम मला सनदेपेक्षाही महत्त्वाचं वाटतं. सनदेनं कॉलेजला हक्क दिला. त्या कलमानं तो हक्क कुणासाठी आहे ते सांगितलं.

आणि एक शेवटची गोष्ट, नावांची. केरींचं नाव इतिहासात आहे, ठीकच आहे, ते कष्टाचं आहे. सहाव्या फ्रेडरिकचं आहे. पण पुढच्या वेळी मोबाइलवर मराठीत टाइप करताना जोडाक्षर नीट उमटलं, तर पंचानन कर्मकार आणि मनोहर यांची आठवण काढा. आणि कुणी श्रीरामपूरच्या मराठी व्याकरणाबद्दल विचारलं, तर केरींसोबत वैजनाथ पंडितांचं नाव घ्या. प्रस्तावनेतून मुखपृष्ठावर आणायला आपल्याला कुठल्या राजाची सही लागत नाही.

भाग आवडला तर घरच्या ग्रुपवर टाका, विशेषतः ज्यांच्या घरात दोन-तीन भाषा बोलल्या जातात त्यांना. तुमच्या आजी-आजोबांनी मोडी शिकली असेल, घरात जुनी मोडी कागदपत्रं असतील, तर कळवा. त्यावर पुढे एक पूर्ण भाग करायचा विचार आहे. तोवर ऐकत राहा, वाचत राहा. भेटू!